सोळा जीबीची भिंत: लूनर लेक लॅपटॉपच्या वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास मी इंटेलच्या लूनर लेक पिढीतील कोअर अल्ट्रा ७ २५६व्ही प्रोसेसर आणि सोळा जीबी मेमरी (रॅम) असलेला चौदा इंची लॅपटॉप घेतला. एक वर्षाची वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत त्याचे चार्जिंगचे यूएसबी-सी पोर्ट सैल पडले. त्या दुरुस्तीच्या निमित्ताने जे पाहायला आणि ऐकायला मिळाले, त्यावरून हा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले. वैशिष्ट्यांचा तक्ता बहुतेकांनी वाचलेला असतो, म्हणून तो येथे देत नाही. मला मुख्यतः मेमरीविषयी लिहायचे आहे, कारण लॅपटॉप आता घ्यावा की पुढच्या पिढीसाठी थांबावे, या नेहमीच्या प्रश्नाचा निकाल यंदा प्रोसेसरपेक्षा मेमरीवर लागणार आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझे काम जुनी मराठी मासिके आणि पुस्तके स्कॅन करणे, पाने स्वच्छ करणे आणि त्यांची पुन्हा मांडणी करणे हे आहे. सहाशे डीपीआयला रंगीत स्कॅन केलेले ए४ आकाराचे एक पान फाइल म्हणून लहान दिसते. पण संपादनासाठी उघडले की मेमरीत साधारण १०० एमबी जागा घेते. त्यावर डाग पुसण्याचा एक थर, शाई गडद करण्याचा दुसरा थर आणि मागे घेता येणाऱ्या क्रियांचा साठा धरला, तर एका पानाचे तीनचारशे एमबी सहज होतात. सोबत अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर, मांडणीचे सॉफ्टवेअर आणि संदर्भासाठी उघडलेला ब्राउझर असतोच. ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसल्यामुळे तोही वाटा याच सोळा जीबीतून जातो. दिवाळी अंकासारखा जाड अंक हाती घेतला की दुपारपर्यंत टास्क मॅनेजरमधील मेमरीचा आलेख छताला टेकतो, न मावणारी माहिती संथ एसएसडीवर (साठवणुकीच्या भागावर) टाकण्याची अदलाबदल सुरू होते आणि पान उलटताना पडदा क्षणभर गोठतो. प्रोसेसर त्या वेळी निवांत असतो. त्याची क्षमता शिल्लक असताना काम अडते, हे वर्षभर पाहत राहणे फार त्रासदायक आहे.

बत्तीस जीबीचा का घेतला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. लूनर लेकमध्ये मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर (चिप ज्या छोट्या तळावर बसते त्यावर) बसवलेली असते आणि तिचे सोळा व बत्तीस जीबी एवढे दोनच पर्याय आहेत. मॉडेल क्रमांकाचा शेवटचा अंक पाहिला की ते कळते: २२६, २३६, २५६ आणि २६६ म्हणजे सोळा जीबी, २२८, २३८, २५८, २६८ आणि सर्वांत वरचा २८८ म्हणजे बत्तीस जीबी. दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने हा एक अंक तपासावा, कारण डब्यावरील मोठ्या अक्षरांत फक्त अल्ट्रा ५ किंवा अल्ट्रा ७ लिहिलेले असते, आणि सोळा जीबीचा अल्ट्रा ७ घेण्यापेक्षा बत्तीस जीबीचा अल्ट्रा ५ माझ्यासारख्याच्या कामाला कितीतरी अधिक उपयोगी आहे. मला हवे असलेले २५८व्हीचे मॉडेल कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर ‘लवकरच उपलब्ध’ या शिक्क्यासह झळकत होते. विक्रेता प्रत्येक वेळी एकच उत्तर देई: “साहेब, पुढच्या महिन्यात नक्की येतंय.” जुना लॅपटॉप बंद पडला होता, कामे अंगावर होती आणि तो पुढचा महिना काही उगवला नाही. परदेशात तेच मॉडेल त्याच काळात विकले जात होते, याचा राग मला आजही आहे. लूनर लेक ३ सप्टेंबर २०२४ रोजी बर्लिनमध्ये सादर झाला होता. त्यानंतर अर्धे वर्ष उलटूनही भारतीय ग्राहकाला केवळ कमी मेमरीचाच पर्याय मिळावा, याचे समाधानकारक कारण मला कोणीही दिले नाही.

घोषणा आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील अंतर हा या व्यवसायाचा जुना रोग आहे. इंटेलचे दहा नॅनोमीटर या उत्पादनप्रक्रियेवर बनणारे प्रोसेसर २०१६ च्या आसपास यायचे होते. २०१८ मध्ये त्यांतील कॅनन लेक पिढीचा एक कोअर आय३ प्रोसेसर एका साध्या लॅपटॉपमधून बाजारात आला, त्यातही अंतर्गत ग्राफिक्स बंद होते. लॅपटॉपसाठी खऱ्या अर्थाने ही पिढी आइस लेकच्या रूपाने २०१९ मध्ये मिळाली. क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन एक्स एलिट हा लॅपटॉपचा प्रोसेसर ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्याचे लॅपटॉप १८ जून २०२४ पासून विक्रीला आले. आपल्याकडे यात सरकारी अनिश्चिततेचीही भर पडली होती: ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर अचानक परवान्याची अट जाहीर झाली, ती लगेच पुढे ढकलली गेली आणि नंतर तिची जागा नोंदणीच्या सौम्य व्यवस्थेने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलणार म्हणून अनेकांनी खरेदी थांबवली; लॅपटॉपवरचा १८ टक्के कर मात्र होता तसाच राहिला. थांबणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे या उदाहरणांवरून पुरेसे दिसते.

आता दुरुस्तीकडे येतो. माझ्या लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. एकाला चार्जर आणि दुसऱ्याला बाहेरचा मॉनिटर जोडलेला असतो. पहिल्या पोर्टात केबल किंचित वर उचलून धरली की चार्जिंगचा दिवा लागे आणि हात सोडला की विझे. दुसऱ्या पोर्टावरून चार्जिंग होत होते, पण मग मॉनिटर लावायला जागा उरत नसे. अधिकृत सेवा केंद्रात लॅपटॉप दिला. तेथील तंत्रज्ञाने तपासून सांगितले, “सर, पोर्ट बोर्डवरच आहे. बोर्ड पूर्ण बदलावा लागेल.” बोर्ड म्हणजे प्रोसेसर, आणि या पिढीत प्रोसेसर म्हणजे मेमरीसुद्धा. बोटाच्या पेराएवढे पोर्ट सैल झाले म्हणून चांगला चालणारा प्रोसेसर आणि चांगली चालणारी मेमरी बाद करून नव्याने विकत घ्यायची, आणि त्यासाठी नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम मोजायची, असा तो हिशेब होता. नाकापेक्षा मोती जड. “एवढे पैसे देणारच आहे, तर बत्तीस जीबीचा बोर्ड बसवून द्या,” अशी मी विनंती केली. त्यावर या अनुक्रमांकाला सोळा जीबीचाच बोर्ड मंजूर आहे, असे उत्तर मिळाले. लेखी अर्ज केला, वरिष्ठांशी बोललो, पण उत्तर बदलले नाही.

तेथून लॅपटॉप घेऊन मी थेट पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठली. तेथे बोर्डाचे बारीक काम करणाऱ्या एका तरुण कारागिराने लॅपटॉप उघडला, बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला आणि मलाच पडद्यावर पाहायला लावले. पोर्टाला बोर्डावर घट्ट धरणारे चार जाड पाय असतात. त्यांपैकी दोन पायांचे डाग (सोल्डरचे सांधे) तडकलेले होते आणि आतील एक नाजूक तार उचलली गेली होती. “काका, बोर्ड एकदम चांगला आहे. पोर्ट बदलतो, संध्याकाळी या,” एवढेच तो म्हणाला. प्रोसेसर आणि मेमरी शेजारीच असल्यामुळे त्याने त्या भागावर उष्णतारोधक पट्टी लावली, बोर्ड खालून सावकाश तापवला आणि मग वरून गरम हवा देऊन जुने पोर्ट उचलले. संध्याकाळी लॅपटॉप मिळाला तेव्हा दोन्ही पोर्ट चालू होते, आणि बिल एखाद्या बऱ्या माउसच्या किमतीएवढे होते. त्या मुलाचे कौशल्य पाहून मला मनापासून आनंद झाला. ज्या कंपन्या सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे अशा कारागिरांना मिळू देत नाहीत, त्या ग्राहकाचे मोठे नुकसान करत आहेत.

या प्रसंगानंतर पॅकेजवरील मेमरीविषयीचे माझे मत बदलत गेले. सेवा केंद्रातून बाहेर पडताना ही रचनाच ग्राहकविरोधी आहे, असे मी म्हणालो असतो. पण वर्षभराचा वापर डोळ्यांसमोर आणला तर दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेमरी प्रोसेसरच्या अगदी लगत असल्याने त्या दोघांमधील देवाणघेवाणीची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचते, असा इंटेलचा दावा होता. तो आकडा मी मोजू शकत नाही, परंतु परिणाम रोज अनुभवतो. ग्रंथालयांच्या जुन्या वाचनकक्षांत टेबलाजवळ प्लग सापडणे कठीण असते. तेथे सकाळी पूर्ण चार्ज करून बसलो, तर टिपणे, पानांची नोंद आणि हलके स्कॅनिंग करत कक्ष बंद होईपर्यंत लॅपटॉप चालतो. पंखा बहुतेक वेळ बंद असतो, त्यामुळे शेजारच्या वाचकाला उपद्रव होत नाही. आधीच्या लॅपटॉपबरोबर चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड वागवावा लागे. म्हणून आता माझी तक्रार मेमरी कुठे बसवली याविषयी नाही. ती किती दिली, आणि अधिक हवी असणाऱ्याला ती मिळू दिली का, याविषयी आहे.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. कीबोर्ड उत्तम आहे. स्पीकर सुमार आहेत. जाहिरातीत सर्वांत जास्त जागा घेणारा ४७ टॉप्स (सेकंदाला इतके लाख कोटी हिशेब) क्षमतेचा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा भाग, माझ्या कामात जवळजवळ वापरला गेला नाही. मी वापरत असलेले अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर त्याला हातही लावत नाही.

पुढे काय येईल, याचा विचार मी याच नजरेने करतो. ऑक्टोबर २०२४ मध्येच इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी लूनर लेकची पॅकेजवरील मेमरी हा एकदाच केलेला प्रयोग असल्याचे सांगितले होते. मेमरी बाहेरून आणून पॅकेजसह विकताना नफा घटतो, हे त्यामागचे कारण होते. त्यानुसार पँथर लेक या पुढच्या पिढीत मेमरी पुन्हा पॅकेजबाहेर गेली. इंटेलच्या १८ए या नव्या उत्पादनप्रक्रियेवर बनलेली ही पिढी जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात कोअर अल्ट्रा सीरीज ३ या नावाने आली. मेमरी बाहेर आल्यामुळे लॅपटॉप बनवणाऱ्यांना तिचे प्रमाण ठरवण्याची मोकळीक मिळाली, ही चांगली बातमी आहे. मात्र बारा ग्राफिक्स कोअर असलेली वरची आवृत्ती फक्त एलपीडीडीआर५एक्स ही कमी विजेवर चालणारी मेमरी स्वीकारते. म्हणजे सडपातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावर डाग देऊनच बसवलेली असणार. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिचा याच प्रदर्शनातील रायझन एआय ४०० हा प्रोसेसर मुख्यतः आधीच्याच झेन ५ रचनेचा सुधारित अवतार आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातील बहुतांश डीरॅम, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीच्या चिप, बनवतात, आणि एआय डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या एचबीएम मेमरीकडे त्यांची उत्पादनक्षमता वळली आहे. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा जुना व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. तपकीर गल्लीत मेमरीच्या ज्या हिरव्या-निळ्या पट्ट्या घेऊन आपण वर्षानुवर्षे जुन्या लॅपटॉपना दुसरे आयुष्य दिले, त्यांतील एक भरवशाचे नाव असे बाजूला झाले. माझा अंदाज असा की, या वर्षी नवे प्रोसेसर वेळेवर आले तरी पुरेशा मेमरीची मॉडेल्स उशिरा आणि चढ्या किमतीत येतील, आणि भारतात तर कमी मेमरीचे पर्यायच पुढे केले जातील. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान मेमरी किंमत न वाढवता आठवरून सोळा जीबी केली, तेव्हा आठ जीबीचा काळ संपला असे वाटले होते. स्वस्त विंडोज लॅपटॉपमध्ये तो परत येण्याची मला भीती वाटते.

माझी आशा एलपीकॅम२ या प्रकारावर आहे. स्क्रूने बसणारी, काढता येणारी आणि तरीही कमी वीज खाणारी ही मेमरी. ती ज्या कॅम२ कुळातील आहे, त्याचे मानक मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ दिसली. दुर्दैवाने ती अजून मुख्यतः महागड्या लॅपटॉपमध्येच दिसते. शिवाय ती सगळीकडे चालेलच असे नाही: दुरुस्तीयोग्य लॅपटॉपसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेमवर्कने २०२५ मध्ये एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरवर डेस्कटॉप बनवला, तेव्हा एएमडीबरोबर तपासणी करूनही एवढ्या वेगात सिग्नल नीट टिकत नसल्याने त्यांना मेमरी डाग देऊनच बसवावी लागली. परंतु माझ्यासारख्याच्या कामाला एवढा वेग लागतच नाही. साध्या चौदा इंची लॅपटॉपमध्ये हे मॉड्यूल आले, तर आज सोळा जीबी घेऊन किमती उतरल्यावर बत्तीस करता येतील.

तोवर हा लॅपटॉप मी वापरत राहणार आहे. जाड अंकांचे काम आता वीस-वीस पानांचे गट करून उघडतो आणि मांडणीचे सॉफ्टवेअर त्या वेळी बंद ठेवतो. वेळ जास्त लागतो, पण पडदा गोठत नाही. दिवाळीपर्यंत मेमरी बदलता येणारा, चौदा इंची आणि एक लाखाच्या आतील लॅपटॉप भारतातील दुकानात प्रत्यक्ष मांडलेला दिसला, तर घेईन. नाही दिसला, तर शेवटचा अंक आठ असलेला लूनर लेकचा एखादा शिल्लक लॅपटॉप शोधेन, त्याची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून घेईन आणि पँथर लेकचे भाव उतरण्याची वाट पाहणार नाही.