आयबॅन ‘एलटी’ने सुरू होत होता आणि मी सीए आहे

आधी आकडा सांगून टाकते. ६,८६,५८५ रुपये, बोटीच्या सहलीपायी मेलवरच्या फसवणुकीत बुडालेले. सहा जणांचे, माणशी १,१४,४३१. सगळे माझ्या खात्यातून आणि माझ्या सहीने गेले, कारण ‘हिशेब तूच बघ, तू सीए आहेस’ यावर बाकीच्या पाच जणांचं एकमत होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून पोट भरणारी बाई मी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कॉलेजच्या आम्ही सहा जणांनी पन्नाशीच्या आत एकदा शिडाच्या बोटीतून फिरायचं ठरवलं होतं. अथेन्सच्या आलिमोस मरिनातून (बोटींच्या धक्क्यावरून) निघायचं, एजिना, पोरोस, हायड्रा, जमलं तर स्पेत्सेस ही बेटं, आणि आठवड्याने परत. उन्हाळ्यात एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा झोडपतो, सारॉनिक आखात त्या मानाने आडोशाला आहे, नवख्यांनी तिकडेच जावं, एवढा सगळा अभ्यास झाला होता. चार केबिनची ४६ फुटी बोट ठरली, शनिवार १३ सप्टेंबर २०२५ ते शनिवार २०. बोटीचे ३,२०० युरो, बोट चालवणाऱ्या स्किपरचे रोज २०० प्रमाणे १,४०० (परवाना आमच्यात कुणाकडेच नाही), सफाई वगैरे ३००. एकूण ४,९००. निम्मे आत्ता, निम्मे निघण्याच्या महिनाभर आधी. ही तिथली नेहमीची पद्धत.

बोट भाड्याने देणारी कंपनी खोटी नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी ‘कंपनीची चौकशी नाही का केलीस?’ असं विचारतो. केली होती. मार्चमध्ये पहिले २,४५० युरो पाठवले, ९५.१० च्या भावाने २,३२,९९५ रुपये. ते बरोबर पोचले, करार आला, तोच करार व्हिसाच्या फायलीत लावला आणि शेंगेन व्हिसेही मिळाले. आता कुणाला शंका येईल?

१७ जुलैला मेल आला. नवीन नव्हे, मार्चपासून चाललेल्या त्याच साखळीत, खाली आमचे सगळे जुने मेल, स्किपरला शाकाहारी जेवण चालेल का हा माझा बावळट प्रश्नसुद्धा. उरलेले २,४५० भरा, आणि बोटीला काही झालं तर म्हणून घेतात ते २,००० चं डिपॉझिटही आत्ताच भरलंत तर मरिनात दोन तास खोळंबावं लागणार नाही. सोबत नवा खाते क्रमांक. तो ‘एलटी’ने सुरू होत होता.

आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. ग्रीस म्हणजे जीआर, एलटी म्हणजे लिथुआनिया. हे मला माहीत होतं! आमच्या एका निर्यातदार अशिलाला मी स्वतः, त्याच्याच ऑफिसात बसून, सांगितलं होतं की खातं बदलल्याचा मेल आला की पैसे थांबव आणि फोन लाव. मला ते अक्षर दिसलंही. मी विचारलंही की लिथुआनियाचं खातं का? वीस मिनिटांत उत्तर आलं की आमचं वार्षिक ऑडिट चालू असल्यामुळे ग्रीक खातं काही दिवस बंद आहे.

ऑडिट! हा शब्द वाचून मला चक्क त्यांचा पुळका आला. बिचारे, जुलैत ऑडिट. ऑडिटसाठी कोणी बँक खातं बंद करत नाही हे जगात कुणाला कळत नसलं तरी मला कळायला हवं होतं. ती वीस मिनिटं मी रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा जगते. फोन उचलायचा होता फक्त. करारावर नंबर छापलेला होता. त्याच करारात, सातव्या कलमात, डिपॉझिट मरिनात कार्डावर ब्लॉक होईल असंही छापलेलं होतं. मी दुसऱ्यांचे करार ओळ न ओळ वाचते. स्वतःच्या सहलीचा कोण वाचतं?

मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एका ‘आय’च्या जागी ‘एल’ होता, तेही नंतर कळलं. तेवढ्याबद्दल मी स्वतःला माफ केलंय. मोबाइलवर तुम्हालाही दिसणार नाही.

आमची स्टुटगार्टची मैत्रीण म्हणाली होती, ‘अगं, कार्डाने भर, काही झालं तर वाद घालता येतो.’ मी तिला कार्डाचं साडेतीन टक्के मार्कअप समजावून सांगितलं. १५,७९३ रुपये वाचवले मी. आणि १०१.४० च्या भावाने ४,५१,२३० रुपये चोराला पाठवले. शिवाय दोन्ही वेळी बँकेचे प्रत्येकी १,१८०.

पुढे त्या चोराने आमची इतकी उत्तम काळजी घेतली की काय सांगू. पावती पाठवली, क्रू लिस्टसाठी सहा जणांचे पासपोर्ट मागवले, हवामानाचा अंदाजसुद्धा कळवला. पासपोर्टच्या प्रती अजून त्याच्याकडे आहेत. त्यावर तारीख आणि कारण आडवं लिहून द्यावं, एवढंही सुचलं नाही. तुम्ही लिहा.

१३ सप्टेंबरला दुपारी तीनला सामान ओढत आम्ही धक्क्यावर. आमची बोट होती. फोटोत होती तीच, नावासकट. तिच्यावर एक कुटुंब किराणा चढवत होतं, पाण्याचे क्रेट, टरबुजं. ऑफिसातल्या मुलीने शांतपणे तीन कागद पुढे केले. दुसऱ्या हप्त्यासाठी पाठवलेली तीन स्मरणपत्रं. हप्ता आला नाही, बुकिंग रद्द, कराराप्रमाणे पहिला हप्ता जप्त. म्हणजे २,४५० युरो खऱ्या कंपनीकडे, ४,४५० चोराकडे, आणि आम्ही धक्क्यावर.

स्मरणपत्रं मला का दिसली नाहीत? त्या रात्री हॉटेलात माझ्या मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम सापडला, मी न केलेला. कंपनीकडून आलेलं सगळं थेट कचऱ्यात. घुसखोर माझ्याच मेलबॉक्समध्ये बसला होता. पासवर्ड २०१४ चा. फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही आज तपासा, हे वाचून व्हायच्या आधी. कंपनीने मात्र लगेच ‘गळती तुमच्या बाजूची’ म्हणून हात झटकले, आणि पुढच्या वर्षी दहा टक्के सूट देऊ केली. पण तीन स्मरणपत्रांना उत्तर आलं नाही तर एक फोन करायला काय झालं होतं? माझा नंबर त्यांच्याकडेही होताच की.

आता यंत्रणा. अथेन्सच्या पोलिस ठाण्यात चार तास. पैसे कुठून निघाले? भारतातून. मग भारतात तक्रार करा. अर्ध्या पानाची ग्रीक पावती हातात. पुण्यात आल्यावर बँक. ‘मॅडम, फॉर्मवर सही तुमचीच ना?’ रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा मर्यादित जबाबदारीचा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू, तुमचा व्यवहार तुम्हीच केलेला, हे त्या पोराने मला, मला, वाचून दाखवलं. आणि बरोबर होता तो, हेच जास्त लागलं. मी विचारलं की खात्यावरचं नाव ग्रीक कंपनीचं लिहिलं होतं, खातं भलत्याचंच, मग नाव कुणी तपासलंच नाही का? तर म्हणे, पैसे क्रमांकावर जातात. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना नाव आणि क्रमांक जुळतात का हे पैसे पाठवणाऱ्याला सांगणं बंधनकारक झालं ९ ऑक्टोबर २०२५ पासून. माझे पैसे गेल्यावर बरोबर बारा आठवड्यांनी. आणि तेही तिथल्या तिथल्या व्यवहारांना. बँकेने परताव्याची विनंती पाठवली, समोरून एका ओळीचं उत्तर: खात्यात शिल्लक नाही. दोन महिन्यांनी काय असणार! पहिल्या तासाभरात कळलं तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, नंतर नुसते कागद उरतात.

पोलिसांत तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा सर्व्हर डाउन. तिसऱ्यांदा हवालदाराने फॉर्म उघडला आणि विचारलं, ‘घटनास्थळ काय टाकू? बोट ग्रीसची, पैसे गेले त्या दुसऱ्या देशात, मेल आला तुमच्या घरी.’ मी म्हटलं, घरचा पत्ता टाका. ‘पण घरी तर काही घडलं नाही ना, मॅडम?’ शेजारी बसलेला एक जण हसला. विमा कंपनीचं एका वाक्यात सांगते: प्रवास रद्द झाला तर भरपाई आहे, पण प्रवास तर झाला ना तुमचा.

झाला खरा. पिरेअस बंदरातून फेरीने एजिनाला गेलो, दोन खोल्या घेतल्या, पिस्ते खाल्ले, आणि समोरून जाणारी शिडं बघत सहा दिवस एकमेकांशी जपून बोललो. कुणी एका शब्दाने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला. आशा वाटली. ग्रीक पावतीचा प्रमाणित अनुवाद हवा होता. करून घेतला, ४,२०० रुपये. त्यात शेवटी लिहिलंय, ‘तक्रारदारास मूळ देशात तक्रार नोंदवण्याची सूचना देण्यात आली.’