चाळीस खणांचं कपाट, सहा किलो लेगो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वरून दुसऱ्या ओळीतला एक खण ओढताना अख्खा बाहेर आला आणि लेगोच्या एक-बाय-एकच्या, म्हणजे वर एकच बटण असलेल्या, तीनशेच्या आसपास चपट्या प्लेटी फरशीवर पसरल्या. खणाच्या मागच्या भिंतीवर दोन बारीक दात असतात, खण पूर्ण बाहेर येऊ नये म्हणून. ते दोन्ही मुळापासून तुटले होते. विक्रेत्याचं उत्तर असं: सुटा खण मिळत नाही, सात दिवसांत पूर्ण कपाट परत पाठवलं असतं तर बदलून दिलं असतं. अठराशे पन्नास रुपयांच्या कपाटाला तीन मिलिमीटरचा सुटा भाग मिळू नये, हे चुकीचं आहे. आठ महिन्यांचा अनुभव त्या दातापासूनच सांगतो, कारण सगळी मांडणी त्याच्यावर टिकते किंवा मोडते.

कपाट नेहमीचंच, हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि वायसर ठेवायला असतं ते. पाच उभ्या रांगा, आठ आडव्या ओळी. प्रत्येक खण आतून साधारण १३ सेंटिमीटर खोल, साडेपाच रुंद, साडेतीन उंच, म्हणजे पाव लिटर. काठोकाठ भरला की वरचे तुकडे चौकटीत अडकतात, म्हणून दोन-तृतीयांशच भरायचा. चाळीस खणांत मिळून जेमतेम साडेसहा लिटर माल बसतो. एक किलो सुटे लेगो साधारण तीन लिटर जागा खातात, म्हणजे सहा किलोंना अठरा लिटर लागतात. कपाट घेण्याआधी हा हिशेब करा. पूर्ण संग्रह या कपाटात मावत नाही आणि मावायची गरजही नाही. दोन-बाय-चार, दोन-बाय-तीन, दोन-बाय-दोन असे मोठे ठोकळे झाकणाच्या पाच लिटरच्या डब्यांत जातात. खण फक्त बारीक मालाला: प्लेटी, उतरते तुकडे, बिजागऱ्या, टेक्निकच्या (चाकं-यंत्रांच्या लेगो संचांच्या) पिना, माणसांचे हात-डोकी-टोप्या.

रंगावर लावू नका. दिसायला छान दिसतं आणि तीन आठवड्यांत मोडतं. लाल खणात लाल एक-बाय-दोनची प्लेट शोधायची म्हणजे शंभर लाल तुकडे उलटेपालटे करायचे, कारण रंग सारखा असला की डोळ्याला आकार पटकन वेगळा दिसत नाही. उलट सगळ्या एक-बाय-दोन प्लेटी एकत्र असल्या, तर त्यातली लाल क्षणात उचलता येते. रंग वेगळा करायचा तो शेवटी, आणि तोही एकाच आकाराचे दीड-दोनशे तुकडे झाले तरच. लेगोच्या १९५८ सालच्या पेटंटपासून आजवरचे ठोकळे एकमेकांवर बसतात. आत्तेभावाकडून, मामेबहिणीकडून आलेला जुना माल त्यामुळे वेगळा ठेवायचं कारण नाही. वेगळे ठेवायचे ते दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त ठोकळे. त्यांची पकड कमी-जास्त असते आणि उंच मनोरा मधेच सुटला की मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.

आता दात. खण पाऊण बाहेर आला की पुढचं टोक खाली झुकतं आणि मागचा काठ वर उचलला जाऊन चौकटीला टेकतो. सगळा भार तेव्हा त्या दोन दातांवर येतो. खणातला माल हलकाच असतो, म्हणजे वजनाने दात तुटत नाही, हिसक्याने तुटतो. दाताच्या मुळाशी आतला कोपरा काटकोनात असतो, गोलाई नसते, त्यामुळे चीर तिथेच सुरू होते. तुटायच्या बरेच दिवस आधी तिथे पांढुरकी रेघ दिसते. पंधरा दिवसांतून एकदा खण काढून उजेडात धरला की कळतं. रेघ दिसली तर तो खण तळच्या ओळीत हलवा.

गोंदाने दात परत बसवायच्या फंदात पडू नका. झटपट चिकटणारा गोंद वाळला की स्वतःच ठिसूळ होतो आणि दुसऱ्या हिसक्याला सुटतो. टिकलेली दुरुस्ती अशी. सुई पकडीत धरून गॅसवर तापवा आणि मागच्या भिंतीच्या वरच्या काठापासून पाच मिलिमीटर खाली एक भोक पाडा. शेजारी तीन मिलिमीटरवर दुसरं. थंड खिळा ठोकला तर भिंत तडकते. अडीच मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा केबल टाय मावेल एवढी भोकं तापल्या सुईनेच मोठी करा, टाय दोन्हींतून ओवून आवळा आणि शेपूट काठाच्या वर सहा-सात मिलिमीटर राहील असं कापा. खण आत ढकलताना शेपूट वाकतं, बाहेर ओढताना चौकटीला अडतं, आणि मोठ्या माणसाने जोर लावला तर खण निघतोही. नायलॉन वाकतं, तुटत नाही. शंभर टायचं पाकीट इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतं. एका खणाला दहा मिनिटं लागतात.

इथे माझं मत बदललं, तेही सांगतो. दुरुस्तीला वेळ मिळेपर्यंत तळच्या तीन ओळींतले दात नसलेले खण तसेच वापरात होते. आवराआवर सगळ्यांत सोपी झाली ती त्या ओळींची. मूल खण उचलून चादरीवर नेतं, तिथेच खेळतं, तिथेच भरतं आणि जागेवर सरकवतं. दात असलेला खण मात्र अर्धा ओढून उभ्यानेच त्यात चाचपडावं लागतं, आणि तुकडे परत टाकायला पुन्हा कपाटापर्यंत यावं लागतं. मुलं आवरत नाहीत, त्यामागे ही फेरी असते. म्हणून आता वरच्या तीन ओळींना टाय लावलेत. तिथून खण पडला तर माल डोक्यावर येतो. मधल्या दोन ओळींत दात टिकलेत तिथवर तसेच ठेवलेत, आणि तळच्या तीन ओळींचे उरलेसुरले दात कटरने कापून कड पॉलिशपेपरने घासून घेतली. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर तळच्या ओळींत बारीक माल ठेवू नका. एक-बाय-एकचे तुकडे आणि पिना घशात अडकू शकतात, त्या वरच्या ओळींतच हव्यात.

वरचे चार-पाच खण एकदम ओढले की कपाट पुढे कलंडतं. मागे दोन छोट्या एल-पट्ट्या घालून भिंतीला कसा. यात कंजुसी नको.

प्लास्टिकचा प्रकार बघायला हवा होता, तो आधी बघितला गेला नाही. काचेसारखे स्वच्छ खण पॉलिस्टायरीनचे असतात. टिचकी मारली की टणटण वाजतात आणि कोपऱ्यावर पडले की तडकतात. दुधाळ दिसणारे खण पॉलिप्रॉपिलीनचे, आतलं तितकं स्पष्ट दिसत नाही, पण दाबले की लवतात आणि तुटत नाहीत. तळाशी त्रिकोणात आकडा असेल तर ६ म्हणजे पहिला, ५ म्हणजे दुसरा. माझ्या कपाटात ६ आहे. पारदर्शकतेवर भाळून घेतलं, आणि दात तुटायचं मूळ कारण तेच. लेगोची रबरी चाकंही या खणांत नकोत. रबरातला तेलकटपणा महिन्याभरात प्लास्टिकला लागतो, चाक चिकटून बसतं आणि खाली डाग राहतो. चाकं कापडी पिशवीत ठेवा.

वर्गवारीसाठी सोलापुरी चादर उत्तम. जाड सुती असल्याने तुकडे घरंगळत नाहीत, आवाज कमी होतो, आणि चार टोकं धरून उचललं की सगळा पसारा गाठोड्यात येतो. पण भरगच्च नक्षीची चादर घेतली तर बारीक तुकडे नक्षीत दिसेनासे होतात. चादरीवर साधं पांढरं धोतर किंवा जुना पलंगपोस पसरा. आकार वेगळे करायला भाजी निथळायची जाळी घ्या, भोकं एक सेंटिमीटरची. लेगोची एक-बाय-एक प्लेट ८ मिलिमीटर चौरस आणि बटण सोडून ३.२ मिलिमीटर उंच, म्हणजे ती त्यातून पडते. पिनाही पडतात, मोठं सगळं वर राहतं. मूठ-दोन मुठीच घाला, नाहीतर तुकडे एकमेकांत अडकून काहीच खाली येत नाही. आधी जोडलेले तुकडे सोडवायला लेगोची केशरी रंगाची सोडवणी (तुकडे सुटे करायचं छोटं अवजार) वापरा, दातांनी नको. तपकिरी आणि गडद लाल तुकडे जपून सोडवा, काही वर्षांतला तो माल ठिसूळ निघाला आणि पकडीतच चिरतो.

धूळ हा इथला मोठा प्रश्न. एप्रिल-मे मध्ये खिडक्या बंद ठेवल्या तरी बारीक माती खणांच्या फटींतून शिरते, कारण कपाटाची मागची बाजू उघडी असते. मागे जाड पुठ्ठा कापून चिकटपट्टीने लावला, तेव्हापासून निम्म्याहून जास्त फरक पडला. धुवायचं तर पाणी ४० अंशांच्या आत हवं, वॉशिंग मशीन नको. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच त्याहून गरम येतं, म्हणून सकाळी धुवा. भांड्यांचा सौम्य साबण, अर्धा तास भिजवणं, हाताने ढवळणं, बास. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या-निळ्या तुकड्यांवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. शेवटचं खंगाळणं आरओ फिल्टरच्या पाण्यात करा, ते पाणी नंतर फरशी पुसायला वापरता येतं. स्टिकरचे आणि बॅटरीचे तुकडे पाण्यात घालूच नका. वाळवायला टर्किश टॉवेल नको, त्याचे फासे ठोकळ्यांच्या कडांत अडकून धागे निघतात. पंचा घ्या, आणि सावलीत वाळवा. उन्हाने पांढरे आणि निळे तुकडे पिवळट पडतात. पोकळ बाजू आडवी राहील असे पसरले तर रात्रभरात पंख्याखाली वाळतात. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर संग्रह ठेवू नका.

खणांवर चिकटवलेली लेबलं मे महिन्यात गोंद पाझरून घसरली. आता आतल्या बाजूने पुढच्या भिंतीला टेकवलेला कार्डाचा तुकडा आहे, त्यावर त्या तुकड्याचा खऱ्या मापाचा आकार पेनाने काढलेला. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतो.

एवढी काटकसर आणि खटपट कशाला, तर हरवलेला तुकडा इथे स्वस्तात भरून निघत नाही म्हणून. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. एका संचातल्या चार पिना हरवल्या की गाडीचं चाक फिरत नाही, आणि चार पिनांसाठी नवा संच कोणी घेत नाही. खणांतला पिनांचा खण आणि बिजागऱ्यांचा खण मी म्हणूनच रविवारी मोजतो. कोणत्या खणातले ते कळत नाही अशा तुकड्यांसाठी एक खण रिकामा सोडा, तो महिन्यातून एकदा उपसा.

दुकानात कपाट बघायला गेलात तर आधी खण पाऊण बाहेर ओढा, हाताने पुढचं टोक खाली दाबा आणि मागच्या दाताकडे बघा. दाताच्या मुळाशी गोलाई असेल आणि दाबताना दात किंचित लवत असेल तर घ्या. कडक, काटकोनी आणि काचेसारखा असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी दुधाळ खणांचं कपाट बघा, आणि सुटे खण मिळतात का ते पैसे देण्याआधी विचारा.