मोडी स्कॅन ठेवायला झेनोडो

बडोद्यातल्या मराठी संशोधन पत्रिकांनी लेखासोबतचे मोडी कागदांचे स्कॅन आणि ध्वनिमुद्रणं सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर ठेवावीत. सेवा फुकट आहे आणि एका नोंदीत ५० जीबी मावतात. सगळ्यात कामाची सोय म्हणजे नोंद प्रकाशित करण्याआधीच डीओआय, म्हणजे तिचा कायमचा ओळख क्रमांक, राखून ठेवता येतो, त्यामुळे तो लेखाच्या पीडीएफमध्ये वेळेत छापला जातो. लिप्यंतर सुधारलं की नवी आवृत्ती चढवा. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्यांचा मिळून एक. हा सामाईक डीओआय वाचकाला नेहमी ताज्या आवृत्तीवर नेतो, म्हणून तळटीपेत नेमक्या आवृत्तीचाच द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर वर्णनात निव्वळ अगम्य चिन्हं उमटतात आणि नोंद शोधात सापडतच नाही.