मतलई वारा फुकट, बाकीचे साडेबारा हजार

बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री-पहाटे जमिनीकडून जाणारे मतलई वारे फळ्यावर बाण काढून समजावले. अंगावर घेतले ते मात्र निवृत्तीनंतर, गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला शिडाच्या बोटीने जाताना. लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून लेकीने परस्पर बुकिंग करून टाकलं होतं. बोट आणि ती चालवणारा तांडेल दिवसभर आमच्या दोघांसाठी, साडेबारा हजार रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तांडेलाची नोकरी तिथेच आहे.

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. आम्ही गेलो 11 ला. आदल्या रात्री हवामान खात्याचा यलो अलर्ट बघून ऑफिसला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पाऊस संध्याकाळी आहे, तोवर तुम्ही परत." पाऊस जणू लोकलच्या टाइमटेबलने येतो.

बोट जे-24 जातीची, चोवीस फुटी. तळाखालच्या पात्यात चारशे किलोहून जास्त शिसं असतं, त्यामुळे कलली तरी सहसा उलटत नाही, असं तांडेलाने सांगितलं. "सहसा म्हणजे?" हे आमच्या ह्यांनी तीनदा विचारलं. लाइफ जॅकेटं चांगली होती, मापाची होती. बायकांसाठी महत्त्वाचं: बोटीवर संडास नाही. मांडव्याच्या जेट्टीशिवाय सोय नाही, आणि ही गोष्ट बुकिंग करताना कोणी सांगत नाही. सकाळचा दुसरा चहा मी घेतला नव्हता हे नशीब.

सकाळ मात्र सोन्यासारखी. सातला निघालो तेव्हा मतलई वारा उरणच्या बाजूने येत होता आणि बोट आवाज न करता चालली होती. मागे ताजचा घुमट लहान होत गेला, डावीकडे जवाहर द्वीपाला लागलेली तेलाची जहाजं. शेजारून गेलेल्या लाँचच्या लाटेने डबा सांडला, तेवढाच काय तो गोंधळ. लाँच ज्या मांडव्याला तासाभरात पोचते तिथे आम्हाला अडीच तास लागले आणि एक मिनिटही जास्त वाटलं नाही. मांडव्याचं जेवण ठीक. सोलकढी पातळ होती.

परतताना दीडला निघालो. आता वारा खारा, वायव्येकडून, म्हणजे जवळपास समोरूनच. शिडाची बोट समोरच्या वाऱ्यात सरळ जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी चालते. प्रत्येक वळणाला शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून जातो आणि आपण वाकून दुसऱ्या बाजूला सरकायचं. माझ्या गुडघ्यांनी दहाव्या वळणाला राजीनामा दिला.

तीनच्या सुमारास वारा पडला. एकदम. शीड दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. ह्यांना वाटलं, बरं झालं, जरा शांत. तांडेल मात्र उभा राहून पूर्वेकडे बघत होता. करंजाच्या डोंगरामागे ढग चढला होता, पण त्याची नजर ढगावर नव्हती, पाण्यावर होती. "काकू, पानी कालं परलंय बघा." लांबवर पाण्यावर एक काळा पट्टा होता आणि तो आमच्याकडे सरकत होता. त्याने मोठं शीड खाली घेतलं, गुंडाळून बांधलं, पुढचं छोटं ठेवलं. हवा तेव्हाही हलत नव्हती. मनात आलं, उगाच घाई करतोय.

दहा मिनिटांत पट्टा पोचला, तो वाऱ्याचाच होता. बोट डावीकडे इतकी कलली की माझ्या चपला पाण्यात गेल्या. पाऊस आडवा, टोचणारा. वारा पूर्वेचा, म्हणजे ढकलणार पश्चिमेला, आणि त्या बाजूला कुलाब्याच्या टोकाचे, प्राँग्ज दीपगृहाजवळचे खडक. तांडेलाने इंजिनाची दोरी ओढली. एकदा, चारदा, सात वेळा. इंजिन मेलेलं. हा माझा मोठा आक्षेप. शिडाची बोट असली तरी इंजिन अशाच वेळेसाठी असतं ना? मग त्याने नाद सोडला आणि नुसत्या छोट्या शिडावर वारा आडवा घेत गेटवेची दिशा धरली. वीज कडाडली तेव्हा एवढंच म्हणाला, "साहेब, डोलकाठीला नि तारांना हात नको." ह्यांनी तोवर तारच घट्ट धरून ठेवली होती. मग माझा हात धरला. अठ्ठावीस वर्षांत इतका घट्ट नव्हता धरला.

चाळीस मिनिटांत सगळं ओसरलं. जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, तिथेही आधार तांडेलाचाच. ऑफिसचा माणूस वर छत्रीत.

तांडेलाला पाचपैकी पाच. बोटीला तीन, इंजिनामुळे. ऑफिसला एकसुद्धा देताना हात आखडतो. जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि निघण्यापूर्वी इंजिन आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगा. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. आम्ही सीएसएमटीहून डोंबिवली स्लो लोकलने भिजलेलेच आलो आणि सीटवर बसायची लाज वाटली म्हणून घाटकोपरपर्यंत उभे होतो.