लिव्हरमोरच्या फ्लाइंग स्कूलमधले माझे ४४ तास

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर विमानतळावरच्या या शाळेत शिरलं की समोरच्या भिंतीवर कापलेल्या शर्टांच्या पाठी दिसतात. टी-शर्ट आहेत, चौकड्यांचे फ्लॅनेल आहेत आणि मे महिन्यापासून माझ्या निळ्या ठशांच्या कुर्त्याचा एक तुकडाही आहे. त्यावर मार्करनं तारीख आणि धावपट्टीचा नंबर लिहिलाय. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून आलं की पाठीमागून कापड कापायचं, ही इथली जुनी रीत. पूर्वी शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे बसायचा. इंजिनच्या आवाजात काही ऐकू जायचं नाही, म्हणून मागचा माणूस पुढच्याचा शर्ट ओढून खुणावायचा. एकटा उडून आला, म्हणजे आता ओढायला शर्ट नको.

मी इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला राहते, वय ४४, मूळची कराडची. ऑक्टोबरात मला प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट मिळालं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत: कुठे शिकलीस, किती पैसे लागले, आम्हाला जमेल का? म्हणून हे सविस्तर लिहिते.

सुरुवात मी दुसरीकडे केली होती. त्या शाळेचं नाव आणि गाव दोन्ही सांगत नाही. विमानं नवी, काट्यांच्या तबकड्यांऐवजी चकचकीत स्क्रीन. पण आठ महिन्यांत माझे तीन इन्स्ट्रक्टर बदलले. त्या मुलांचा दोष नाही. इथे एअरलाइनमध्ये जायला साधारण १५०० तासांचा अनुभव लागतो. तो जमवण्यासाठीच बरेच जण शिकवतात आणि तास भरले की निघून जातात. दोष शाळेचा, कारण माझं काय शिकून झालंय आणि काय राहिलंय, याची नोंद कुठेच नव्हती. नवा माणूस आला की पुन्हा स्टॉल (वेग घटून पंखांची उचल जाते ते सावरणं), पुन्हा तीव्र वळणं, पुन्हा पहिल्यापासून लँडिंग. सोलोसाठीची, म्हणजे एकट्यानं उडायला परवानगी देणारी, इन्स्ट्रक्टरची सही फक्त ९० दिवस चालते. माझी सही होणार त्याच आठवड्यात तिसरा गेला. २४ तास आणि आठ हजारांच्या वर डॉलर घालवून मी जमिनीवरच होते. त्या दिवशी गाडीत बसून मी रडले.

लिव्हरमोरच्या शाळेकडे सेस्ना १७२ जातीची चार छोटी विमानं आहेत आणि तीनच इन्स्ट्रक्टर. माझ्या इन्स्ट्रक्टर साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना कुठल्याही एअरलाइनमध्ये जायचं नाही. सगळे त्यांना नावानं हाक मारतात, मीही मारते, पण मनात त्या माझ्या ‘बाई’च आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझं जुनं लॉगबुक पानापानानं वाचलं, एक तास माझ्याबरोबर उडल्या आणि खाली आल्यावर कागदावर दोन रकाने आखले: हे येतं, हे येत नाही. ‘येतं’ त्यातलं काहीही त्यांनी पैसे घेऊन पुन्हा शिकवलं नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठीही मी या शाळेची शिफारस करीन.

माझं घोडं लँडिंगला अडलं होतं. जमीन जवळ आली की मी नाक लवकर उचलायची, विमान धावपट्टीच्या वरच तरंगायचं आणि मग दाणकन खाली बसायचं. आधीचे तिघेही ‘अजून थोडं थांब’ म्हणायचे. थोडं म्हणजे किती, हे मला कळायचं नाही. बाईंनी वेगाचा काटा सोडून बाकीच्या तबकड्यांवर चिकटकागद लावले आणि विचारलं, “तुझी नजर कुठे असते?” माझी नजर चाकाखालच्या डांबरावर असायची. त्यांनी ती धावपट्टीच्या पार टोकाला न्यायला सांगितली. टोकाकडे बघितलं की दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात वर चढायला लागतात. त्या चढल्या की नाक उचलायचं. तीन दिवसांत लँडिंग बसलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी तीन लँडिंगं झाल्यावर त्या दार उघडून उतरल्या. शेजारची सीट रिकामी झाल्यावर विमान इतकं झटकन वर चढलं की माझा श्वास अडकला. डावीकडे द्राक्षमळे, पलीकडे आल्टामाँटच्या पवनचक्क्या आणि कॉकपिटमध्ये मी एकटी. रेडिओवर “स्टुडंट पायलट” म्हणताना माझा आवाज थरथरला असणार. टॉवरमधला माणूस मात्र नेहमीच्याच सुरात बोलला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण या शाळेचं खरं मोल मला ऑगस्टात कळलं. सर्टिफिकेटसाठी एकट्यानं किमान १५० सागरी मैलांचा एक प्रवास करावा लागतो, तीन ठिकाणी उतरून. माझा मार्ग लिव्हरमोर, सॅलिनास, मर्सेड आणि परत. नकाशे, इंधन, वारा, सगळा हिशेब रात्री करून ठेवला होता. सकाळी सॅलिनासला समुद्रावरून आलेल्या ढगांचा तळ ७०० फुटांवर होता. तिथल्या टॉवरच्या हद्दीत नजरेनं, म्हणजे बाहेर बघून, उडणाऱ्याला तो तळ किमान १००० फुटांवर लागतो. “दुपारी उघडेल,” मी म्हणाले. दुपारी उघडलं, पण वारा १९ नॉट्स (ताशी सागरी मैल) झाला. माझ्या सोलोसाठी बाईंनी १५ ची मर्यादा लिहिली होती. त्या दिवसभर ऑफिसात बसून होत्या. एकदाही जा किंवा थांब म्हणाल्या नाहीत. प्रत्येक वेळी विचारायच्या, “तुझं काय ठरलं?” शेवटी मीच किल्ली परत टांगली. पुढच्या शनिवारीही तसंच झालं. दोन्ही वेळा विमान अख्खा दिवस माझ्या नावावर अडकलं होतं, तरी शाळेनं एक डॉलर घेतला नाही. आधीच्या शाळेत हवामानामुळे रद्द केलं तरी दंड पडायचा, आणि त्या दंडापायी मी एकदा नको तशा वाऱ्यात उडायला गेले होते. तिसऱ्या खेपेला सॅलिनासच्या लेट्यूसच्या हिरव्या पट्ट्यांवरून उठून, सॅन लुइस जलाशय डावीकडे ठेवून मी मर्सेडला उतरले. तिथे टॉवर नाही. आपणच रेडिओवर आपली जागा सांगत उतरायचं.

आता पैशांचं. विमान इंधनासकट तासाला १९० डॉलर, इन्स्ट्रक्टर ९०. नियमानं किमान ४० तास लागतात, मला ६८ लागले. परीक्षकाची फी, लेखी परीक्षा, मेडिकल, हेडसेट धरून दोन्ही शाळांचे मिळून सुमारे २२ हजार डॉलर गेले. मी वर्षभर त्यासाठी वेगळे साठवले होते, म्हणून मध्ये खंड पडला नाही. आठवड्यातून दोनदा तरी उडणं जमणार नसेल तर थांबा आणि आधी साठवा, असं मी कळकळीनं सांगते. अंतर पडलं की हात विसरतो आणि तोच धडा पुन्हा विकत घ्यावा लागतो.

मेडिकल सगळ्यात आधी करा. मधुमेह, रक्तदाब किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधीच बोला. त्यात महिने जाऊ शकतात. अमेरिकेचं नागरिकत्व नसेल, ग्रीन कार्ड असलं तरी, शिकायला बसण्यापूर्वी सरकारी सुरक्षा तपासणी आणि बोटांचे ठसे लागतात. या शाळेत त्याचे फॉर्म भरायला शेजारी बसून मदत करतात.

उणिवाही आहेत. शनिवार-रविवारी विमान मिळवायला तीन आठवडे आधी नाव घालावं लागतं. दर १०० तासांनी विमान तपासणीला जातं आणि तेव्हा सगळं वेळापत्रक कोलमडतं. लेखी परीक्षेची तयारी शाळा घेत नाही, ती मी घरीच केली. विमानं जुनी आहेत. स्क्रीनवर शिकायची हौस असेल त्यांनी दुसरीकडे जावं.

परीक्षेला परीक्षक बाहेरचे होते. दोन तास तोंडी, मग उड्डाण. शेतांवर असताना त्यांनी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला आणि म्हणाले, “इंजिन बंद पडलं.” माझा हात आपोआप ट्रिमच्या, म्हणजे नाक हव्या त्या कोनात टिकवणाऱ्या, चाकावर गेला, वेगाचा काटा ६८ नॉट्सवर स्थिरावला आणि मी शेत निवडलं. खाली आल्यावर त्यांनी हात पुढे केला. खिडकीतून बाई बघत होत्या.

गेल्या आठवड्यात आई कराडहून आली. तिला शेजारी बसवून न्यायचं ठरलंय. त्यासाठी तिचं वजन विचारलं.

“अगं, ते कशाला?”

“प्रत्येकाचं लिहावं लागतं आई, विमानाचा तोल बघायला.”

तिनं आकडा सांगितला, आणि हातातल्या पर्ससकट धर म्हणाली. तो मी तक्त्यात भरलाय. रविवारी सकाळी नऊचं विमान आहे. हवा बरी नसली तर पुढचा रविवारही धरून ठेवलाय.