एसक्यूलाइट: लहान सॉफ्टवेअरसाठी पहिली पसंती, पण मराठी शोधाची सोय आधी करून घ्यावी

गृहनिर्माण संस्थेचा हिशेब, गावच्या वाचनालयाची पुस्तकनोंद किंवा एखाद्या दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर आज करायला घेतले, की पहिल्याच बैठकीत क्लाउडवरचा डेटाबेस, त्याचे मासिक भाडे आणि पाचसहा स्वतंत्र सेवा यांचा आराखडा पुढे येतो. एवढा पसारा खरोखर लागतो का, हे क्वचितच कोणी विचारते. माझे मत स्पष्ट आहे: एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या अशा कामांची सुरुवात एसक्यूलाइट या डेटाबेसने करावी आणि ते अपुरे पडते आहे असे दिसले, तरच पुढचा विचार करावा.

एसक्यूलाइट हा वेगळा सर्व्हर नाही. ती आपल्या प्रोग्रॅममध्येच सामावणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे आणि संपूर्ण डेटाबेस एका फाइलीत राहतो. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ती लिहिली, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसत असे. मधला सर्व्हरच काढून टाकण्याची कल्पना त्यातून निघाली. आज अँड्रॉइड फोन आणि आयफोन या दोन्हींत एसक्यूलाइट असते. तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, ही बाब मला विशेष मोलाची वाटते. सर्व्हरांची उभारणी करणाऱ्या टेराफॉर्मचा परवाना २०२३ मध्ये आणि मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिस या डेटाबेसचा २०२४ मध्ये बदलून अटी कडक झाल्या, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेल्या अनेकांना रातोरात पर्याय शोधावे लागले.

मराठी मजकूर साठवायला काहीच अडचण येत नाही. शोध आणि अनुक्रम यांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. पूर्ण मजकुरातील शोधासाठी एफटीएस५ ही उत्तम सोय आहे. पण मजकुराचे शब्द पाडणारा तिचा मूळ टोकनायझर अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, इतकेच काय पण हलन्तसुद्धा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिपींच्या प्रमाण संकेतात, चिन्हांच्या वर्गात येतो, त्यामुळे तिथे शब्द तुटतो. 'पुणे' या शब्दाचे 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे होतात आणि 'पाणी' या शब्दाचेही नेमके तेच दोन तुकडे होतात. परिणामी पुणे शोधणाऱ्याच्या पुढ्यात पाणीही येते, आणि मराठी शोधणाऱ्याला मराठा. यावर उपाय सोपा आहे: टेबल तयार करतानाच टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' या पर्यायात चिन्हांचे वर्गही जोडावेत. हे आधीच करावे लागते, कारण हा पर्याय टेबलासोबतच ठरतो आणि नंतर बदलायचा म्हटले तर ते टेबल नव्याने बांधावे लागते.

अनुक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. म्हणून सभासदांच्या यादीत काळे हे काशीकरांच्या आधी लागतात. योग्य क्रम हवा असेल, तर भाषानिहाय नियम पुरवणारा आयसीयू हा विस्तार जोडून मराठीची क्रमवारी वापरावी लागते. देवनागरीत काम करणाऱ्यांची संख्या पाहता, निदान शोधाची सोय तरी मुळातच असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

तरीही विश्वासाच्या बाबतीत या लायब्ररीला तोड नाही. प्रकल्पाने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ च्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड सुमारे १.५६ लाख ओळींचा होता आणि त्याच्या चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट, म्हणजे ९ कोटी ओळींहून अधिक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता कोड भराभर लिहून होतो. तो तपासण्याची शिस्त त्याच वेगाने वाढते आहे का, हा प्रश्न आज आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने विचारायला हवा, आणि तो विचारताना हे प्रमाण डोळ्यांसमोर असावे.

मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. एका वेळी एकच जण लिहू शकतो. बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवणाऱ्या आणि २०१० पासून उपलब्ध असलेल्या वॉल मोडमुळे वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही, पण लिहिणाऱ्यांची रांग कायम राहते. दोन टेबलांमधील संबंध तपासणारा फॉरेन कीचा नियम सहसा आपोआप चालू नसतो आणि प्रत्येक जोडणीत तो चालू करावा लागतो. अंकांच्या रकान्यात मजकूर शिरू नये यासाठी टेबल 'स्ट्रिक्ट' ठेवावे. अनेक सर्व्हरांवरून सतत लिखाण होणार असेल, तर सरळ पोस्टग्रेस हा स्वतंत्र सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा. बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नये, कारण त्याच क्षणी लिखाण सुरू असेल तर ती प्रत निकामी ठरू शकते. त्यासाठी एसक्यूलाइटचीच बॅकअप आज्ञा वापरावी आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी.