फॉस्फोडायएस्टरेजवरील गॉर्डन रिसर्च सेमिनार: नवसंशोधकाचा अभिप्राय

याच विषयावरच्या मोठ्या गॉर्डन रिसर्च परिषदेच्या आधीच्या शनिवार-रविवारी भरणारे हे चर्चासत्र पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे नवसंशोधक) यांच्यासाठीच असते, आणि त्याचे संयोजनही त्यांच्यातलेच करतात. पेशीतील सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी हे संदेशवाहक रेणू तोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज विकरांची (एन्झाइमांची) 11 कुटुंबे आहेत. त्यांतील पाचव्यावर सिल्डेनाफिल, तर चौथ्यावर रोफ्लुमिलास्ट हे औषध काम करते. मात्र चर्चेचा खरा रंग चढतो तो वेगळ्याच प्रश्नावर: एकच रेणू पेशीभर पसरत असताना हृदयाच्या पेशीतील एका कोपऱ्यातला संदेश दुसऱ्या कोपऱ्यात का पोहोचत नाही? हे विकर ठरावीक जागी बांधलेले असल्याने रेणू तिथल्या तिथे तुटतो, हे उत्तर पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. इथे मात्र त्यावर कोणाचा प्रयोग का फसला, हेही मोकळेपणाने ऐकायला मिळते.

या मोकळेपणाचे श्रेय मुख्यतः एका नियमाला द्यावे लागेल. व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण चालत नाही आणि तिथली माहिती परवानगीवाचून बाहेर वापरता येत नाही, त्यामुळे अप्रकाशित निष्कर्ष मांडताना कोणी बिचकत नाही. अडचण एवढीच, की घरी नेण्यासारखे फारसे काही हाती उरत नाही, म्हणून संशोधन मांडणाऱ्या प्रत्येक पोस्टरपाशी थांबून विचारावेच लागते. (लाजाळूंनी हे आधीच ध्यानात घ्यावे.) पुण्याहून जाणाऱ्याला विमानखर्च जड वाटेल, तरीही सोबतच्या परिषदेलाही थांबणार असाल, तर अर्ज जरूर करावा.